टीव्ही जुना, सिग्नल नवा

१. टीव्ही फेकून द्यायचा का?

‘आमचा टीव्ही आता चालणार नाही का?’ २०१२ मध्ये मुंबईत केबलचे पैसे न्यायला दारात आलेल्या पोऱ्याला हाच प्रश्न विचारला जाई. ‘डिजिटल’ हा शब्द लोकांच्या मनात भिंतीवर टांगायच्या सपाट टीव्हीशी जोडलेला होता. त्यामुळे केबल डिजिटल होणार म्हणजे मागे कुबड असलेला जुना टीव्ही भंगारात जाणार, असे वाटणे साहजिक होते.

तसे काही नव्हते. टीव्ही तोच चालतो, बदलतो तो त्याच्यापर्यंत येणारा सिग्नल. वीस वर्षे जुन्या टीव्हीला हा नवा सिग्नल वाचता येत नाही. म्हणून तार आणि टीव्ही यांच्यामध्ये सेट-टॉप बॉक्स बसवायचा. बॉक्स सिग्नल वाचतो आणि जुन्या टीव्हीला समजेल अशा रूपात पुढे देतो. गंमत म्हणजे आदल्या दिवाळीत घेतलेल्या कोऱ्या एलईडी टीव्हीलाही केबलसाठी बॉक्स लागतोच, कारण केबलचा सिग्नल नुसता डिजिटल नसतो, त्याला कुलूपही असते. ते कुलूप चौथ्या भागात येईल. त्याआधी ॲनालॉग आणि डिजिटल यांत फरक काय ते पाहू.

२. गिरवणे आणि वाचून लिहिणे

एका कागदावर शाईने ओळ लिहिलेली आहे. तिच्यावर पातळ कागद ठेवून एकाने ती गिरवली. त्या प्रतीवरून दुसऱ्याने गिरवली, दुसऱ्याच्या प्रतीवरून तिसऱ्याने. प्रत्येक हात जरासा थरथरतो, कुठे डाग पडतो, आणि पुढचा माणूस तो डागही इमानाने गिरवतो. दहाव्या प्रतीत अक्षर फेंगडे झालेले असते. ॲनालॉग सिग्नल असा गिरवत गिरवत घरी येतो. दृश्यातला उजेड कमीजास्त होईल तसा तो कमीजास्त होतो. वाटेत मिसळलेला गोंगाट, म्हणजे शेजारच्या मिक्सरची ठिणगी किंवा गंजलेला जोड, त्यातून वेगळा काढता येत नाही. टीव्हीला तो चित्राचाच भाग वाटतो. पडद्यावर मुंग्या येतात त्या यामुळे.

आता दुसरी पद्धत. प्रत्येक माणूस आधीची प्रत गिरवत नाही, वाचतो आणि कोऱ्या कागदावर स्वतः लिहितो. ‘क’ थोडा पुसट असला तरी तो ‘क’ आहे हे कळते आणि पुढच्या प्रतीत तो पुन्हा ठसठशीत उमटतो. डिजिटल सिग्नलमध्ये चित्र आणि आवाज आकड्यांत लिहिलेले असतात, तेही शून्य आणि एक या दोनच आकड्यांत. मधला गोंगाट कितीही असला तरी ‘हे शून्य की एक’ एवढे ओळखता आले की चित्र मुळाबरहुकूम उभे राहते.

पण वाचून लिहिण्यात एक धोका आहे. शाई इतकी पुसली की अक्षर ओळखूच येत नाही, तर लिहिणारा थांबतो. गिरवणारा मात्र काहीतरी गिरवतच राहतो. म्हणून ॲनालॉग चित्र हळूहळू बिघडते आणि डिजिटल चित्र एकदम जाते. कच्च्या सिग्नलवरही मुंग्यांमधून क्रिकेटचा स्कोअर दिसायचा. डिजिटलमध्ये आधी चेहऱ्याचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि मग पडदा काळा. ‘पूर्वी निदान दिसत तरी होतं’ ही ज्येष्ठांची तक्रार अडाणीपणाची नव्हती. ती तंत्रदृष्ट्या बरोबर होती.

३. एका खोलीत दहा बिऱ्हाडे

केबलच्या तारेतून सगळ्या वाहिन्या एकदमच येतात. त्या एकमेकींत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीला लहरींच्या पट्ट्यात वेगळी जागा नेमून दिलेली असते. ही जागा मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. भारतातल्या ॲनालॉग पद्धतीत एका वाहिनीला सात ते आठ मेगाहर्ट्झ लागत. तारेची क्षमता ठरलेली असल्याने जेमतेम शंभर जागा निघत, आणि गल्लीबोळातल्या जुनाट जाळ्यात त्याहूनही कमी.

तार ही चाळ मानली, तर ॲनालॉगच्या काळात प्रत्येक वाहिनीने एक अख्खी खोली अडवलेली होती. तिचा पसाराही तेवढा होता. ६२५ आडव्या रेघांचे पूर्ण चित्र, सेकंदाला पंचवीस वेळा. बातम्या देणारी निवेदिका अर्धा तास एकाच निळ्या पडद्यापुढे बसलेली असली तरी तो निळा पडदाही सेकंदाला पंचवीसदा नव्याने पाठवला जाई. डिजिटलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधून पाठवले की पुरते. मधल्या वेळात फक्त निवेदिकेचे हलणारे ओठ आणि मान पाठवायची. या काटकसरीला संकोचन म्हणतात.

हिशेब असा पडतो. आठ मेगाहर्ट्झच्या एका खोलीतून डिजिटल पद्धतीने सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट जातात. मेगाबिट म्हणजे दहा लाख शून्य-एक. संकोचन केलेल्या साध्या वाहिनीला तीन ते चार मेगाबिट पुरतात. ३८ ला साडेतीनने भागले की दहा-अकरा वाहिन्या. साठ खोल्यांची चाळ असली तरी सहाशे बिऱ्हाडे मावतात. जिथे ऐंशी वाहिन्यांवर गाडी अडत होती तिथे शेकड्यांची भाषा सुरू झाली, ती यामुळे.

काटकसरीची किंमत वेळेत मोजावी लागते. चित्र आवळायला आणि पुन्हा उलगडायला थोडा अवधी जातो, म्हणून डिजिटल चित्र काही क्षण मागे असते. बदलाच्या दिवसांत एकाच मजल्यावर एका घरी बॉक्स बसलेला आणि समोर अजून जुनी केबल, असे असले की गोलंदाज धावत निघालेला असतानाच समोरच्या घरातून ‘आऊट!’ ऐकू येई. बॉक्स बिघडलेला नसे, चित्रच उशिरा पोहोचत असे.

४. बॉक्स की मीटर?

चित्र स्वच्छ आणि वाहिन्या जास्त, एवढेच कारण असते तर सरकारला कायदा करावा लागला नसता. खरे कारण मोजदाद हे होते.

जुन्या केबलमध्ये खांबावरून तार घरात आली की तिला स्प्लिटर लावून दोन, तीन, चार टीव्ही जोडता येत. घरात किती टीव्ही आहेत हे ऑपरेटरला नक्की ठाऊक नसे, आणि ऑपरेटरकडे किती घरे आहेत हे वाहिनीला ठाऊक नसे. पैसे घेऊन दाखवायच्या वाहिन्यांचा हिशेब ऑपरेटर सांगेल त्या संख्येवर चाले. समजा, त्याच्याकडे हजार घरे आहेत आणि तो दोनशे सांगतो. उरलेल्या आठशे घरांचे पैसे वर पोहोचतच नाहीत आणि त्यांच्यावरचा करही बुडतो. वाहिन्यांची अडचण दुहेरी होती. जागा कमी असल्याने, जुन्या टीव्हीवर नीट दिसेल अशा क्रमांकावर बसवून घ्यायला त्या उलट ऑपरेटरलाच पैसे मोजत.

डिजिटल सिग्नलला कुलूप लावता येते. आकड्यांची सरमिसळ करून तो पाठवतात. ती सोडवण्याची किल्ली बॉक्समध्ये किंवा त्यात घातलेल्या छोट्या कार्डात असते. प्रत्येक बॉक्सला स्वतःचा क्रमांक असतो आणि कोणत्या क्रमांकाला कोणत्या वाहिन्या उघडायच्या हे मुख्य केंद्रातल्या संगणकावर ठरते. म्हणजे बॉक्स हा विजेच्या मीटरसारखा आहे, एका टीव्हीला एक. केंद्रापासून घरापर्यंतच्या सगळ्या सिग्नलला असे कुलूप लावून प्रत्येक घराची नोंद ठेवण्याच्या व्यवस्थेला कायद्याच्या भाषेत ‘डिजिटल ॲड्रेसेबल सिस्टीम’ म्हणतात. ॲड्रेसेबल म्हणजे ज्याला पत्ता आहे असा.

बॉक्स म्हणजे मीटर, हे ज्यांनी ओळखले त्यांची तयारी नीट झाली. ज्यांनी त्याला चित्र सुधारण्याचे यंत्र मानले, त्यांना दुसऱ्या टीव्हीची आठवण शेवटच्या रात्री झाली.

५. तारखा आणि त्यांचे सरकणे

भारतातला पहिला प्रयत्न मर्यादित होता. केबल कायद्यात बदल होऊन २००३ मध्ये चेन्नईत आणि न्यायालयाच्या आदेशानंतर २००६ च्या अखेरीस मुंबई, दिल्ली, कोलकात्याच्या काही भागांत पैशाच्या वाहिन्यांपुरता बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत तो दक्षिणेकडच्या भागात आला. पण फुकट वाहिन्या बॉक्सशिवाय दिसतच होत्या, त्यामुळे अनेक घरांनी तो घेतलाच नाही.

२०११ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्यात पुन्हा दुरुस्ती झाली आणि सगळी केबल चार टप्प्यांत डिजिटल करायचे ठरले. पहिल्या टप्प्यात चार महानगरे होती. ३० जून २०१२ ची तारीख ऐनवेळी ३१ ऑक्टोबर २०१२ वर गेली. मुंबईत त्या रात्रीनंतर जुना सिग्नल बंद होऊ लागला. कोलकात्यात राज्य सरकारचा विरोध आणि चेन्नईत न्यायालयीन वाद यांमुळे काम रेंगाळले. दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ पर्यंत ३८ शहरे होती. पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), सोलापूर ही त्यांतली. तिसरा टप्पा उरलेल्या शहरी भागांचा आणि चौथा गावांचा. त्यांच्या तारखा इतक्या वेळा पुढे गेल्या की शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ उजाडली.

तारखा सरकण्याने नुकसान घरांचेच झाले. एकदा मुदत वाढली की पुढचीही वाढेल असे गृहीत धरले जाते. मग शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम जागे होतात, बॉक्स संपतात आणि तो बसवणारा मुलगा फोन उचलत नाही.

इतर देशांशी तुलना करताना एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. तिथे मुख्यतः अँटेनावरचे प्रसारण बंद झाले, आपल्याकडे आधी केबल बदलली. बर्लिनने ऑगस्ट २००३ मध्ये अँटेनावरचे ॲनालॉग थांबवले. अमेरिकेने १२ जून २००९ ही अंतिम तारीख ठेवली. ती मूळची १७ फेब्रुवारी होती, म्हणजे मुदतवाढ तिथेही चुकली नाही. पण अमेरिकेने एक काम आधी केले. प्रत्येक घराला मागितल्यास चाळीस डॉलरची दोन कुपने दिली, बॉक्स घेण्यासाठी. शिवाय विल्मिंग्टन या एका शहरात सप्टेंबर २००८ मध्ये बदलाची तालीम करून कोणाला काय अडते ते पाहिले. जपानने २०११ च्या जुलैमध्ये देशभर बदल केला, पण त्सुनामीचा तडाखा बसलेले तीन प्रांत मार्च २०१२ पर्यंत वगळले. भारतात बॉक्सचा खर्च घरांनीच सोसला.

६. घराची तयारी: आधी टीव्हीच्या मागे बघायचे

पहिली गोष्ट म्हणजे सिग्नल कुठून येतो ते ओळखणे. गच्चीवर काड्यांचा अँटेना असेल तर तो दूरदर्शनचा. खांबावरून किंवा जिन्यातल्या पेटीतून काळी तार येत असेल तर केबल. स्वतःची छोटी छत्री असेल तर डीटीएच, आणि ते जन्मापासूनच डिजिटल आहे. छत्रीवाल्या घरांना काही करायचे नव्हते, तरी घाबरून दुसरा बॉक्स घेणारी माणसेही निघालीच.

मग टीव्ही वळवून पाठ बघायची. तिथे काय सापडते त्यावर बॉक्स जोडायची पद्धत ठरते. सपाट टीव्हीला एचडीएमआयची चपटी खाच असते. त्याआधीच्या बहुतेक टीव्हींना पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन गोल भोके असतात. पिवळ्यातून चित्र, उरलेल्या दोनांतून आवाज. अगदी जुन्या टीव्हीला अँटेनाचे एकच भोक असते. तिथे आरएफ मॉड्युलेटर नावाची डबी मध्ये लागते. ती बॉक्समधल्या चित्राला पुन्हा जुन्या वाहिनीचे रूप देते. ही डबी ऑपरेटरकडे असतेच असे नाही, म्हणून टीव्हीची पाठ आठवडाभर आधी बघणे शहाणपणाचे.

त्यानंतर टीव्ही मोजायचे. नाशिकमधले एक घर घेऊ. दिवाणखान्यात मोठा टीव्ही, झोपायच्या खोलीत मधला, स्वयंपाकघरात चौदा इंची. आजवर एका जोडणीचे पैसे देऊन तिन्ही चालत होते. समजा, बॉक्स हजार रुपयांना आणि महिन्याचे शुल्क अडीचशे आहे. तीन बॉक्स म्हणजे तीन हजार आणि महिन्याला साडेसातशे. दुसऱ्या-तिसऱ्या बॉक्सला ऑपरेटरने निम्मे शुल्क लावले, तर २५० अधिक १२५ अधिक १२५, म्हणजे पाचशे. आता स्वयंपाकघरातला टीव्ही. त्यावर तेच पाहिले जाते जे बाहेर चालू असते. मग दिवाणखान्यातल्या बॉक्समधून वायर काढून त्यालाही जोडता येते. दोन्हीकडे एकच वाहिनी दिसेल एवढीच अट. तिसरा बॉक्स वाचला, मासिक खर्च ३७५ वर आला. सव्वाशेची बचत आहे, पण संध्याकाळी सात वाजता बाहेर क्रिकेट आणि आत मालिका हवी असेल तर ही युक्ती निरुपयोगी ठरते.

बॉक्स विकत, हप्त्याने किंवा भाड्याने घेता येतो. भाड्याचा असेल तर अनामत किती आणि ती परत कशी मिळणार हे पावतीवर लिहून घ्यावे. बॉक्सवर भारतीय मानक ब्युरोची खूण असावी. एक बाब पुष्कळांना उशिरा कळते. एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या केबलवर चालत नाही, कारण किल्ली त्या-त्या कंपनीची असते. तो विकत घेतला तरी व्यवहारात तो तिचाच राहतो.

फॉर्म ही सर्वात कंटाळवाणी पायरी. नाव, पत्ता, बॉक्सचा क्रमांक आणि हव्या त्या वाहिन्यांचा संच लिहून द्यायचा असतो. मुंबईसह पहिल्या टप्प्यातल्या शहरांत बॉक्स आधी बसले आणि फॉर्म मागाहून. घरोघर कोणत्या वाहिन्या हव्यात हे केंद्रात नोंदलेलेच नव्हते, म्हणून सगळ्यांना सरसकट सगळे उघडून दिले गेले. २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, फॉर्म न भरणाऱ्यांचे बॉक्स बंद करण्याची तंबी द्यावी लागली. फॉर्म टाळल्याचा तोटा ग्राहकाचाच होता. ट्रायने तेव्हा किमान शंभर फुकट वाहिन्यांचा मूळ संच करांखेरीज शंभर रुपयांत द्यायला सांगितला होता. पण तो मागितला तर मिळणार, आणि मागायची जागा म्हणजे तो फॉर्म. एकेक वाहिनी किमतीसह निवडण्याची पद्धत १ फेब्रुवारी २०१९ पासून आली, तेव्हाही हीच कथा घडली.

शेवटी तार. ॲनालॉगने खपवून घेतलेले जोड डिजिटल खपवून घेत नाही. तार सोलून टेपने गुंडाळलेला जोड, खिडकीत पावसाने हिरवा पडलेला स्प्लिटर, दाराच्या फटीत चेपलेली केबल हे सगळे बॉक्स बसण्याआधी बदलून घ्यावे. घरात टीव्ही दोनच उरले असतील तर चार तोंडांचा स्प्लिटरही काढावा. प्रत्येक तोंड सिग्नलची वाटणी करते, वापर असो वा नसो.

७. अँटेनावाली घरे

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागले. गच्चीवर एकाने अँटेना फिरवायचा, खिडकीतून दुसऱ्याने ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडायचे, हा खेळ दोन पिढ्या खेळल्या. केबल कायद्याचा या घरांशी संबंध नव्हता. त्यांची पाळी उशिरा आली. दूरदर्शनने मोजक्या सामरिक ठिकाणांचा अपवाद वगळता ॲनालॉग प्रक्षेपक ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केले.

अशा घराला दोन वाटा होत्या. २०१६ मध्ये मुंबई, औरंगाबादसह सोळा शहरांत दूरदर्शनने अँटेनावरच डिजिटल प्रसारण दिले, पण ते घ्यायला वेगळा बॉक्स किंवा तसा ट्यूनर असलेला टीव्ही लागे, आणि त्याची माहितीच फारशी पोहोचली नाही. दुसरी वाट फ्री डिशची. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की झाले. गावांनी आपला कौल हिलाच दिला.

छत्री बसवताना दिशा महत्त्वाची. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो, म्हणून महाराष्ट्रातून छत्रीचे तोंड दक्षिणेच्या बाजूला येते. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्यापेक्षा पूर्वेला. त्यामुळे छत्री आग्नेयेकडे वळवावी लागते. त्या बाजूला फणस किंवा नारळ असेल तर आज दिसणारे चित्र दोन वर्षांनी फांद्या वाढल्यावर जाईल. कोकणात आणखी एक अडचण आहे. या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या जातात. आषाढातल्या मुसळधार सरीत चित्र दहा मिनिटे गेले तर छत्रीला हात लावू नये, सर ओसरली की ते परत येते.

८. पहिला महिना

बदलानंतरच्या तक्रारींतल्या बऱ्याच रिमोटच्या असतात. आता रिमोट दोन. टीव्हीचा रिमोट चालू-बंद आणि आवाजासाठी, बॉक्सचा वाहिन्यांसाठी. दुपारी घरी एकट्या असलेल्या आजी सवयीने टीव्हीच्या रिमोटवरची ‘पुढची वाहिनी’ दाबतात. टीव्ही बॉक्सची जोडणी सोडून जुन्या तारेकडे वळतो आणि पडदा निळा किंवा मुंग्यांचा होतो. मग काहीही दाबले तरी चित्र येत नाही. उपाय एकच बटण आहे, एव्ही किंवा सोर्स. त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यावा आणि टीव्हीच्या रिमोटवरच्या वाहिन्यांच्या बटणांवर चिकटपट्टी लावावी.

वीज गेली की बॉक्सही बंद पडतो, आणि परत आल्यावर पुन्हा जागा व्हायला त्याला मिनिटभर लागते. घरात वीज असून चित्र नसेल तर रस्त्यावरच्या खांबावरचा ॲम्प्लिफायर बंद असू शकतो. दुपारी ठरावीक वेळी चौकोन पडत असतील तर बॉक्सवर हात ठेवून बघावा. टीव्हीवर लोकरी रुमाल, त्यावर बॉक्स आणि वर फुलदाणी ही मांडणी त्याला गुदमरवते. पडद्यावर ‘कार्ड घाला’ किंवा क्रमांकासह संदेश आला तर तो क्रमांक लिहून ठेवावा. तक्रार नोंदवताना ऑपरेटर आधी तोच विचारतो.

९. घर बदलताना, टीव्ही काढताना

घर बदलले तर भाड्याचा बॉक्स, त्याचा रिमोट, अडॅप्टर आणि कार्ड चारही परत करून पावती घ्यावी. यातले एक राहिले की अनामत अडकते. बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेवर चालावा अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली. ती अमलात येईपर्यंत नव्या पत्त्यावर दुसरी केबल असेल तर नवा बॉक्स हाच मार्ग.

जुना टीव्ही बदलाच्या निमित्ताने काढायचाच असेल, तर तो भंगारवाल्याकडे तोडायला देऊ नये. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते. ती फुटली की ते मातीत उतरते. शिवाय प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये बराच वेळ मोठा विद्युतदाब साठून राहतो, त्यामुळे पाठ उघडणे जिवावर बेतू शकते. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, म्हणजे मुंबईतला जुना सिग्नल बंद होण्याच्या सहा महिने आधी, आणि त्यांत टीव्हीचे नाव आहे. असा टीव्ही उत्पादकाच्या संकलन केंद्रात किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे अखंड, न फोडता पोहोचवायचा असतो.